खालच्या ओळीतलं दुसरं हिरवं

९ जानेवारी

"घाई करू नकोस, पलीकडचा थांबतो," असं मामंजी मला म्हणाले होते. माझं लग्न नुकतंच झालं होतं. आत्ताच्या दुकानाच्या जागी तेव्हा आमचा एसटीडी बूथ होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला एकटीला तिथे बसवलं होतं. फोन वाजला तशी मी धावले, स्टुलात पाय अडकला आणि रिसीव्हरसकट खाली बसले. मामंजी दारात उभे राहून बघत होते. हसले नाहीत. एवढंच म्हणाले.

आज ते आठवायचं कारण म्हणजे सकाळी आलेलं जोडपं. नवीन लग्न झालेलं असावं. मी शोकेसमधून व्हेलिक कंपनीचा फोन काढेपर्यंत त्या मुलीने स्वतःच्या फोनवर त्याचं नाव टाकून ऑनलाइनची किंमत नवऱ्याला दाखवलीही. उद्धट नव्हती. "बघून सांगतो हं काकू," म्हणाली आणि दोघं गेली. मी डेमो पीस हातात धरून उभी. पलीकडचे काही थांबले नाहीत.

राम आळीतलं आमचं मोबाइलचं दुकान लहान आहे. मी गिऱ्हाईक बघते, माझा नवरा राजेंद्र मागच्या टेबलावर दुरुस्ती करतो. मारुती मंदिराजवळ मोठं एसी शोरूम झाल्यापासून आमच्याकडे लोक फोन घ्यायला कमी आणि काच बदलायला जास्त येतात. काल डिस्ट्रिब्युटरचा माणूस सांगून गेला की मार्चपर्यंत व्हेलिकचा खप वाढला नाही तर आमची डीलरशिप त्या शोरूमला जाईल. ही डायरीही त्यानेच दिली, नववर्षाची भेट म्हणून. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कंपनीची येते आणि राजेंद्र तिच्यावर चहाचा कप ठेवतो. यंदाची मी घरी आणली, कारण ती माझ्या मुलाच्या, रितेशच्या, कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या खाली व्हेलिकचं चिन्ह आहे. लिहिताना बरं वाटतं.

रितेश बंगळूरला असतो. फोन सुरू केल्यावर समोर जे दिसतं ते कुठे असावं, हे त्याची टीम ठरवते. मला पूर्ण कळत नाही, पण कुणी विचारलं की मी असंच सांगते.

१५ जानेवारी

संदेश भुवड आला होता. हातखंब्याच्या पुढे आत भुवडवाडी आहे, तिथला. मुंबईत एका बँकेत शिपाई आहे आणि त्यांच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. त्याची आई जाईबाई गावात एकटी राहते.

म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे एक विचार घेऊन आलोय. हसायचं नाही."

"बोल तर खरं."

"वाडीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सारखा फोन द्यायचा. म्हणजे अगदी सेम. कंपनी सेम, मॉडेल सेम, आतलं सगळं सेम."

"ते का रे?"

"अहो, मी विक्रोळीत बसून आईला सांगतो, आये, खालच्या ओळीत दुसरं हिरवं दाब. ती म्हणते, हिता हिरवा नाय, निळा हाय. शेजारच्या गंगारामबाबांना विचार म्हणावं, तर त्यांचा फोन तिसऱ्याच कंपनीचा, पोराने जुना झाल्यावर दिलेला. कुणाला कुणाचं कळत नाही. सगळ्यांचे सारखे असले की एकीला आलं ते दुसरीला सांगता येईल. एक फोन आम्ही मंडळाच्या खोलीत ठेवू. घरून कुणाचा प्रश्न आला की तो समोर धरायचा आणि बघून सांगायचं."

मला हसू आलं नाही. इतकी वर्षं फोन विकतेय, कंपन्यांची माणसं येऊन कॅमेरे आणि प्रोसेसर मोजून दाखवतात. हे कुणी बोललं नव्हतं.

संदेशची मुलगी सानवी चार महिन्यांची आहे. जाईबाईंनी तिला गावी बारशाला पाहिलं तेवढंच. त्यांना एसटी लागते, पार पोलादपूरपर्यंत उलट्या होतात, म्हणून मुंबईला जात नाहीत. तिला रोज संध्याकाळी बघता यावं, एवढ्यासाठी संदेश झटतो आहे. "बाकी मंडळ काय म्हणतं ते म्हणू दे, माझं कारण हेच," म्हणाला.

चाळीसेक फोन. कुठला घ्यायचा ते माझ्यावर सोडून गेला. "तुम्ही सांगाल तो, वहिनी. तुमच्या सासऱ्यांच्या बूथवरून माझ्या बापाचे मुंबईला फोन लागायचे."

१७ जानेवारी

राजेंद्रने टेबलावर दोन फोन शेजारी ठेवले. एक व्हेलिकचा, एक टॅमोचा. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या इतक्या मागे लागल्यात की एकीने कॅमेरा गोल केला की पंधरा दिवसांत दुसरीचाही गोल होतो. टॅमो दीड हजाराने स्वस्त.

"टॅमो दे," राजेंद्र म्हणाला.

"व्हेलिकचं सर्व्हिस सेंटर चिपळूणला आहे. टॅमोचं कोल्हापूरला."

"सर्व्हिस सेंटर इथे बसलंय." स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. "अगो, टॅमोची बॅटरी मोठी. आणि तीन वर्षं झाली, त्यांचा स्क्रीन जसा होता तसाच आहे. बदलायला पैसेच नाहीत त्यांच्याकडे. म्हाताऱ्यांना हेच चांगलं."

"व्हेलिकची अक्षरं मोठी दिसतात."

"दिसतात. मग?"

"मग काय मग? आवाजही मोठा आहे."

त्याने टॅमोचा आवाज पूर्ण वाढवला आणि वाजवून दाखवला. समोरचा कापडवाला बाहेर येऊन बघायला लागला. मी म्हटलं, दर्जा नावाची काही गोष्ट असते. तो म्हणाला, "दर्जा बंगळूरला असतो, माहीत आहे मला," आणि स्क्रू शोधायला लागला.

रितेशचा यात काही संबंध नाही. मी राजेंद्रला तसं सांगितलंही. व्हेलिकचा फोन हातात चांगला बसतो, एवढंच.

२२ जानेवारी

रितेशला फोन केला होता. हे मॉडेल लवकर बंद होणार नाही ना, किंमत खाली येणार असेल तर थांबू का, हे विचारायचं होतं. मीटिंगमध्ये होता. नंतर मेसेज आला, "विचारून सांगतो आई." अजून आलेला नाही. त्यांच्याकडे अशा गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, मीच विचारायला नको होतं.

संदेशला व्हेलिक सांगितला. डिस्ट्रिब्युटरने एकदम एवढे फोन म्हणून भाव थोडा खाली आणला. तरी टॅमोपेक्षा महागच पडले. संदेश म्हणाला, "चालेल. तुम्ही म्हणताय ना."

८ फेब्रुवारी

राजेंद्र आणि मी भुवडवाडीत फोन वाटून आलो. दिवसभर तिथेच होतो.

पालखी बसते त्या सहाणेसमोर सतरंज्या टाकल्या होत्या. मी घरीच सगळे फोन एकसारखे लावून ठेवले होते. खालच्या ओळीत पहिला फोन, दुसरं हिरवं व्हॉट्सॲप, तिसरी उजेडाची बॅटरी, चौथा कॅमेरा. व्हॉट्सॲपमध्ये सगळ्यात वर ज्याच्या त्याच्या मुलाचं नाव, शेजारी त्याचा चेहरा. बायकांनी फोनांना आधी हळद-कुंकू लावलं. राजेंद्र माझ्या कानात म्हणाला, "चार्जिंगच्या भोकात गेलं की माझ्याकडेच यायचंय."

जाईबाई पुढेच बसल्या होत्या. लहानखुऱ्या, हात मात्र मोठे. मी त्यांचं बोट धरून दुसऱ्या हिरव्यावर ठेवलं.

"दाबू?"

"दाबा की."

"फुटंल."

"नाही फुटत हो."

संदेश मुंबईला तयारच बसला होता. स्क्रीनवर सानवी आली. तोंडात मूठ घातलेली. जाईबाई फोन लांब धरून नुसत्या बघत राहिल्या, मग पदराने फोनवरचा घाम पुसायला गेल्या आणि फोन कट झाला. सगळी सहाण हसली. त्यांनी स्वतःच पुन्हा लावला. खालची ओळ, दुसरं हिरवं.

येताना गाडीवर राजेंद्र म्हणाला, "चांगलं काम केलंस, दीपा." एरवी म्हणत नाही.

१ मार्च

वाडीत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. सगळे फोन सारखे म्हणून सगळ्यांची रिंगही सारखी. एकाचा फोन वाजला की अख्खी वाडी पडवीत येते. "तुजा काय गो?" "नाय, तुजा बग." मग ज्याचा असतो तो सापडतो. गंगारामबाबांचा सापडत नाही, कारण वानर नेतील म्हणून ते फोन कणगीत भातामध्ये ठेवतात. त्यांचा वाजला की कणगी वाजते.

मी संदेशला म्हटलं, मी येऊन रिंग वेगळ्या करून देते. त्याने घरी विचारलं. बायका नको म्हणाल्या. जाईबाईंचा निरोप आला, "असूं दे. कोनाच्या तरी पोरानं फोन केलान ता कळतंय."

हे सगळं मी रितेशला आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं, जरा लांबच झालं. त्याने अंगठा पाठवला. त्याचा अंगठा येतो तेव्हा तो हसत असतो, हे मला माहीत आहे.

शिमग्याला येणार होता, पण पंधरा तारखेनंतर त्यांचं काहीतरी मोठं सुरू होणार आहे. टॅमोवाले तसंच काही आणतायत म्हणे, त्यांच्या आधी झालं पाहिजे. ह्या मुलांवर किती ताण. मी पुरणपोळ्यांचा घाट कमी केला, दोघांना कितीशा लागतात.

६ मार्च

व्हेलिकच्या किमती वाढल्या. मेमरी महाग झाली म्हणे, सगळ्याच कंपन्यांचं तेच. डिस्ट्रिब्युटरचा माणूस खूश होता. भुवडवाडीमुळे आमची डीलरशिप पुढच्या वर्षी राहील म्हणाला. कोंडवाडीचे दोघे चौकशीला येऊन गेले, त्यांनाही सारखेच फोन हवेत. टॅमोचा सेल्समनही आला होता, रितेशच्याच वयाचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र. "मॅडम, तुम्ही नेमकी काय स्कीम केलीत?" मी म्हटलं, स्कीम नाही, खालच्या ओळीतलं दुसरं हिरवं. त्याला काही कळलं नाही. मला उगाचच आनंद झाला.

१९ मार्च, पाडवा

रितेशचा फोन आला! त्याने आपणहून केला, आणि सकाळी, गुढी उभारतानाच. मी नारळ खाली ठेवून घेतला.

"आई, आमचा नवा स्क्रीन लाइव्ह झाला. तीन दिवस झाले. सगळ्या फोनांवर जातोय हळूहळू."

"म्हणजे काय केलंत रे?"

"आता फोनच शिकतो. तू जे जास्त वापरतेस ते आपोआप पुढे येतं, जे लागत नाही ते मागे जातं. काही लावायला नको. कंपनीत माझं नाव घेतलं, आई, सगळ्यांसमोर. टॅमोच्या आधी आणलं आम्ही."

आवाज लहानपणी शाळेतून पळत आल्यावर असायचा तसा होता. मी जेवलास का विचारायचंही विसरले. दुकानात पेढे वाटले. कापडवाल्याला सांगितलं, माझ्या मुलाने फोनला शिकवलं. तो म्हणाला, "मग बिलंही आपोआप मागं जातात का बघा."

राजेंद्रने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "सगळ्या फोनांवर?" एवढंच विचारलं त्याने.

"सगळ्या," मी म्हटलं.

त्याला मुलाचं कौतुक बोलून दाखवता येत नाही. आधीपासूनच तसं आहे.

२१ मार्च

संदेशचा फोन आला. काल आणि परवा वाडीत गोंधळ झाला आहे. जाईबाईंनी खालच्या ओळीतलं दुसरं दाबलं, तर कॅमेरा उघडला, आणि तोही स्वतःचाच चेहरा दाखवणारा. त्या बराच वेळ स्वतःशीच बोलत बसल्या. शेजारची आली तेव्हा तिला म्हणाल्या, "बग गो, मनाच मी दिसतंय. सानवी कुटं गेली?" त्यांना वाटलं मुलीचं काही बरंवाईट झालं आणि संदेश लपवतोय. रडून गोंधळ. संदेश मुंबईहून फोन करत होता तर त्या घाबरून घेत नव्हत्या.

मला सगळं एकदम कळलं. मला परवाच कळायला हवं होतं. पेढे वाटत होते मी.

२२ मार्च

दुकान बंद ठेवून दोघं वाडीत गेलो.

आम्ही एकेक फोन घेऊन पुन्हा पहिल्यासारखा लावत होतो. दुपारी पहिल्या घरात परत गेले, तर तिथली ओळ पुन्हा हललेली. फोन शिकतोच आहे. गंगारामबाबा काळोख पडायच्या सुमारास मळ्यातून येतात, म्हणून त्यांच्या फोनवर बॅटरी सगळ्यात पुढे आली आहे. पलीकडच्या बाईंचा नातू सुट्टीला आलाय, तो खेळ खेळतो, तर त्यांच्याकडे तो खेळच दुसरा. जाईबाई स्वतःचा चेहरा बघून बघून घाबरत होत्या, तेवढ्याने कॅमेरा आणखी पक्का झाला. फोनला वाटलं, हिला हेच आवडतंय.

आता एकीचं दुसरीला सांगता येत नाही. मुंबईच्या खोलीतल्या फोनवर बघून सांगता येत नाही, कारण तो आणखी वेगळा झालाय. तो कुणी वापरतच नाही ना.

कुणी मला काही बोललं नाही. चहा केला, आंबोशी बांधून दिली. बोलले असते तर बरं झालं असतं. जाईबाईंनी मात्र विचारलं, "वैनी, आमचा हिरवा कोनी नेऊन ठेवलान ओ?"

"कंपनीनं," मी म्हटलं.

राजेंद्रने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये मान घातली.

"कंपनीला काय माज्या नातीचा वंगाळ वाटला?" जाईबाई म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. मी त्यांच्या फोनवरून संदेशला लावून दिला, सानवी झोपली होती, त्यांनी तिचा पाय बघितला आणि समाधान मानलं.

२५ मार्च

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. एका मुलीने फार गोड बोलून घेतलं. तुमचा अभिप्राय नोंदवला आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, हे अपडेट आहे, बिघाड नाही, फोन परत घेता येणार नाहीत.

टॅमोचा सेल्समन भुवडवाडीचं नाव कुठून तरी ऐकून आला. व्हेलिक द्या, टॅमो घ्या, वर थोडे पैसे. "आमचा स्क्रीन अजून जुनाच आहे मॅडम," म्हणाला, जरा लाजूनच. मग म्हणाला, "म्हणजे दोन-तीन महिने तरी."

संध्याकाळी संदेश बोलला. "वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. मंडळात चर्चा झाली. मे महिन्यात सगळे गावी येतील तेव्हा बैठक आहे, तोपर्यंत थांबू. नाहीतर मग फोन बदलून घेऊ. शोरूमवाले एक्स्चेंज देतायत." एरवी तो फोन ठेवताना राजेंद्रदादांना नमस्कार सांगा म्हणतो. आज नाही म्हणाला.

मे महिन्यापर्यंत म्हणजे जाईबाईंनी रोज संध्याकाळी कुणाला तरी बोलावून आणायचं. शेजारणीला जमलं तर नात दिसणार, नाहीतर नाही. हल्ली त्या फोन उपडा ठेवतात, असं संदेशने सांगितलं.

२९ मार्च

रविवार होता म्हणून रितेश निवांत बोलला. मी सगळं सांगितलं. कणगीचं सांगितल्यावर हसला. मग मी विचारलं, ती खालची ओळ न हलणारी करता येईल का?

"आई, तो ऑप्शन होता. ओळ पक्की करा, असा. मीच काढायला लावला."

"का रे?"

"कोणी वापरत नाही. दहा लाख लोकांवर तपासलंय आम्ही. लोकांना जे हवं ते आता लवकर मिळतं. ऑप्शन जितके कमी तितकं स्वच्छ दिसतं."

"कुठल्या लोकांना?"

"सगळ्याच. डेटा आहे, आई."

"आमची वाडी आहे का त्यात?"

तो म्हणाला, "एका वाडीसाठी मी परत जाऊन सांगू की माझं चुकलं? आत्ता? टॅमो पुढच्या महिन्यात हेच आणतोय. आमचे साहेब म्हणतील, हा मागे का चाललाय?"

"तुझं चुकलं असं नाही म्हणत मी."

"मग तू त्यांना टॅमोच द्यायला हवा होतास," तो म्हणाला. "एवढ्या साध्या गोष्टीसाठी व्हेलिक का दिलास?"

मी म्हटलं, अक्षरं मोठी दिसतात म्हणून.

त्याच्या जागी तो बरोबर आहे. मी हे तीनदा स्वतःला सांगून पाहिलं. नोकरीत दीड वर्षच झालंय, सगळ्यांसमोर नाव घेतलं, लगेच आईसाठी ते खोडायचं? मला हेच कळत नाही की दहा लाख लोक कसे दिसतात. मला चाळीस दिसतात, नावासकट.

फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "बाबा बरे आहेत ना?" हो म्हटलं. मी बरी आहे का हे विचारायचं राहिलं असेल, घाईत होता.

२ एप्रिल

काल एकटीच एसटीने वाडीत गेले. जाईबाईंकडे थांबले. सानवीच्या वेळेला त्यांनी उपडा फोन सुलटा करून मांडीवर घेतला, पण माझ्याकडे दिला नाही. म्हणाल्या, "मी बगतंय." ओळीवरून बोट फिरवत राहिल्या. हिरवं आता चौथं झालंय, उद्या कुठे असेल कुणास ठाऊक. तिसऱ्या वेळेला सापडलं. सानवीला बसता यायला लागलं आहे, ते त्यांनी पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तुमचा मुलगा कुटं असतो ओ?"

"बंगळूरला."

"दिसतो काय रोज?"

मी म्हटलं, त्याला फार काम असतं. त्यांनी मान हलवली, जणू ही गोष्ट त्यांना चांगली माहीत होती, आणि मला न विचारता चहात आणखी साखर घातली.

मला त्यांना सांगायचं होतं, की हिरवं कुणी हलवलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या सानवीच्या बसण्याबद्दल बोलत होत्या.

५ एप्रिल

दुपारभर दुकानात बसून रितेशला मेसेज लिहीत होते. चार वेळा खोडला. पहिल्या खेपेला मी तंत्राचंच लिहिलं, ऑप्शन परत आणण्यासाठी काय काय कारणं देता येतील ते. त्याच्या साहेबांना दाखवता येईल असं. मग लक्षात आलं की ही कारणं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

राजेंद्र कधी मागे येऊन उभा राहिला कळलं नाही. चष्मा कपाळावर, हातात कुणाचातरी उघडलेला फोन. त्याने वाचलं. म्हणाला, "मे महिन्यात कोकण रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. आत्ताच बघायला सांग."

"मी ऑप्शनबद्दल लिहितेय," मी म्हटलं.

"हो, तेच," म्हणाला आणि टेबलाकडे गेला.

मी ते सगळं पुसलं. पाठवायच्या आधी इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुन्हा खोडायला हात जाणार नाही. याचं उत्तर काय येणार ते मला माहीत आहे. "आई, या महिन्यात अशक्य," असं येईल, नाहीतर अंगठा येईल.

रितेश, तू गेल्या रविवारी जे सांगितलंस ते मला पटलं आहे, मी भांडत नाहीये. ऑप्शनचं मी आता विचारणार नाही. मे महिन्यात वाडीची बैठक आहे, त्यांना जे वाटेल ते करतील, डीलरशिप गेली तरी तुझ्या बाबांचं टेबल आहेच. फक्त एक सांगते. बैठकीच्या आधी दोन दिवस रजा काढून ये. संध्याकाळी आपण भुवडवाडीत जाऊ. तू कोण आहेस ते मी जाईबाईंना आधीच सांगेन, त्या रागवणार नाहीत. तिथे कुणाला काही शिकवू नकोस, कंपनीचं काही बोलू नकोस. नुसता त्यांच्या पडवीत माझ्याशेजारी बस, आणि नात दिसेपर्यंत त्या बोट कुठे कुठे फिरवतात ते बघ. जमणार नाही म्हणशील, तरी विचारते. येशील का?